अनुपुब्बसिक्खा : सवय पालटण्याच्या क्रमाचा इतिहास

मालाडच्या पश्चिमेस मार्वेच्या धक्क्यावरून होडीने खाडी ओलांडली की मनोरी लागते. ओहोटीच्या वेळी या गावाच्या किनाऱ्यावर उभे राहिले असता समुद्राचा एक गुण सहज ध्यानात येतो. तो एकाएकी खोल होत नाही. घोटा, गुडघा, कंबर अशा क्रमाने पाणी चढत जाते. मुंबईसमोरचा समुद्रतळ असाच मंद उताराने सुमारे तीनशे किलोमीटरपर्यंत पसरला आहे व त्यापुढेच खरा खोल सागर सुरू होतो, असे भूशास्त्र सांगते.

भगवान बुद्धांनी आपल्या धम्मविनयाचे पहिले आश्चर्य सांगताना नेमका हाच दृष्टान्त घेतला. श्रावस्तीच्या पूर्वारामात, मिगारमाता विशाखेच्या प्रासादात, उपोसथाच्या एका प्रसंगी त्यांनी महासमुद्राची आठ आश्चर्ये सांगितली. ‘उदान’ या ग्रंथात हा प्रसंग आला आहे. जसा समुद्र क्रमाने उतरत जातो, तसेच या धम्मविनयात शिक्षण क्रमाचे, क्रिया क्रमाची आणि वाटचालही क्रमाची आहे, असा त्या वचनाचा आशय आहे. पालीत या क्रमबद्ध शिक्षणाला ‘अनुपुब्बसिक्खा’ म्हणतात.

या शब्दाकडे आम्ही आज वळतो, त्यास एक कारण आहे. मधुमेह, रक्तदाब, तंबाखू आणि दारू यांनी आपल्या वस्त्यांत किती घरे पोखरली आहेत, हे वाचकांना सांगावयास नको. पौर्णिमेच्या दिवशी विहारात एखादा उपासक मोठ्या तळमळीने निश्चय करतो : उद्यापासून तंबाखू बंद, दारू बंद, भात बंद, पहाटे उठून चालणे सुरू. पंधरवडा उलटण्याच्या आत त्यातले काहीतरी मोडते. मग सारेच मोडते. एवढ्यावर थांबते तरी चालले असते; परंतु निश्चय मोडल्याच्या लाजेने तो माणूस पुढच्या पौर्णिमेला विहाराकडे फिरकत नाही. अशा रीतीने एका चुकलेल्या पद्धतीमुळे आपण सवयीची लढाई हरतो आणि माणूसही गमावतो. या प्रश्नाचे उत्तर बौद्ध इतिहासात आहे काय, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

एका वेळी एक जेवण

‘मज्झिम निकाया’तील लटुकिकोपम सुत्तात या विषयावरचा अत्यंत जिवंत पुरावा आहे. अंगुत्तराप प्रदेशातील ‘आपण’ नावाच्या नगराजवळ भगवंतांचा मुक्काम असताना भिक्खू उदायी वनात बसून जुने दिवस आठवतो. पूर्वी भिक्खू सकाळी, संध्याकाळी आणि दिवसा अवेळीही जेवत असत. एके दिवशी भगवंतांनी सांगितले की, दिवसाचे अवेळी जेवण सोडा. उदायी प्रांजळपणे कबूल करतो की, हे ऐकून त्याला वाईट वाटले. कारण श्रद्धाळू गृहस्थ चांगलेचुंगले पदार्थ दिवसाच देत. तरीही भगवंतांवरील प्रेमाने व आदराने त्यांनी ते सोडले. काही काळ गेल्यावर भगवंतांनी रात्रीचे जेवणही सोडण्यास सांगितले. पुन्हा त्याला वाईट वाटले. कारण घरोघरी रात्रीचा स्वयंपाक अधिक रुचकर असे.

रात्रीची भिक्षा कशी होती, हेही उदायी सांगतो. अंधारात भिक्खू गटारात पडत, काटेरी कुंपणात अडकत, झोपलेल्या गाईवर आदळत, चोरांच्या तावडीत सापडत. एकदा विजेच्या लखलखाटात भांडी घासणाऱ्या एका स्त्रीने त्याला पाहिले आणि भूत समजून ती किंचाळली. नियमामागची कारणे अशी व्यवहारातली होती.

या कथेतील दोन गोष्टींकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. पहिली ही की, दोन जेवणे एका दिवशी सोडावयास सांगितली गेली नाहीत. एक सुटले, ते संघाच्या अंगवळणी पडले आणि मगच दुसऱ्याचा विचार झाला. दुसरी ही की, सोडताना वाईट वाटणे हा दोष मानला गेला नाही. उदायीने आपली खंत लपविली नाही आणि सुत्तकर्त्यांनीही ती जपून ठेवली. सवय सोडताना जीव तुटतो, हे धम्माला मान्य आहे.

याच सुत्तात भगवंत लटुकिका या चिमुकल्या पक्ष्याचे उदाहरण देतात. हा पक्षी कुजक्या वेलीने बांधला गेला तर ती वेल त्याच्यासाठी मरणाची बेडी ठरते. उलट बलाढ्य हत्ती कातड्याचे दोरही अंग झटकून तोडतो. ‘एवढीशी तर गोष्ट आहे’ असे म्हणून जो लहान सवय सोडत नाही, त्याच्यासाठी ती कुजकी वेलच दणकट बेडी होते. दिवसातून चार वेळा साखरेचा चहा किंवा जेवणानंतरची तंबाखूची चिमूट या अशाच वेली होत.

भोजनाच्या या नियमामागे आरोग्याचा हेतू स्पष्टपणे होता. भद्दालि सुत्तात भगवंत सांगतात की, आपण एकदाच जेवतो आणि त्यामुळे आजार कमी, अंग हलके व बळ टिकून राहते. भद्दालि नावाच्या भिक्खूला हे जमेना. तेव्हा भगवंतांनी त्याला मधली पायरी सुचविली : निमंत्रणाच्या ठिकाणी थोडे खा आणि थोडे बरोबर आणून नंतर खा. भद्दालिने तीही नाकारली व पुढे तीन महिने तो लाजेने भगवंतांसमोर आला नाही. विहाराकडे न फिरकणारा आपला उपासक आणि हा भद्दालि यांच्यात अंतर ते किती? महत्त्वाचे हे की, तीन महिन्यांनी तो परत आला, त्याने चूक कबूल केली आणि संघाने त्याला दूर लोटले नाही.

आजाऱ्यांचा विचार वेगळा होता. शरदऋतूत भिक्खूंना अन्न पचेना, ते खंगले. तेव्हा तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी ही पाच औषधे म्हणून घेण्याची मुभा मिळाली. ती प्रथम जेवणाच्या वेळेपुरतीच होती. एवढ्याने भागत नाही असे दिसल्यावर ती अवेळीही देण्यात आली. म्हणजे सोडण्याचा जसा क्रम होता, तसा सवलतीचाही होता.

जिना आणि गणित

पूर्वारामातच गणक मोग्गल्लान नावाचा हिशेबनीस ब्राह्मण भगवंतांना भेटला. त्याचे म्हणणे असे की, या प्रासादाचा जिना पायरीपायरीने चढावा लागतो. आम्ही हिशेबनीसही शिष्याला एक, दोन, तीन असे मोजत शंभरापर्यंत नेतो. असा क्रम आपल्या शिकवणीत आहे काय? भगवंतांनी क्रम सांगितला. प्रथम शील, नंतर इंद्रियांवर लक्ष, नंतर भोजनातील मात्रा, नंतर जागृती, नंतर प्रत्येक हालचालीत स्मृती आणि शेवटी एकान्त व ध्यान. ध्यानाच्या आधी ताटातील मात्रेची पायरी येते, ही गोष्ट ध्यानवर्गांच्या आजच्या काळात मुद्दाम सांगण्यासारखी आहे. जागृतीच्या पायरीतही चालणे आणि बसणे ही जोडी आहे. चंक्रमणाचे म्हणजे येरझाऱ्यांचे पाच लाभ ‘अंगुत्तर निकाया’त दिले आहेत, प्रवासाची व परिश्रमाची ताकद, निरोगीपणा, खाल्लेले नीट पचणे आणि चालताना मिळालेल्या एकाग्रतेचा टिकाऊपणा हे ते लाभ होत.

हे सारे केवळ ग्रंथात राहिले नाही. मनोरीच्या पूर्वेस, बोरिवलीच्या डोंगरात, कान्हेरीची शंभरावर लेणी आहेत. तेथे सुमारे हजार वर्षे भिक्खूसंघाची वस्ती होती. लेण्यालेण्यांशी खोदलेली पाण्याची टाकी, दगडी बाके आणि डोंगराच्या अंगावर कोरलेल्या पायऱ्या पाहिल्या म्हणजे मोजक्या अन्नाचे, स्वच्छ पाण्याचे व रोजच्या चढउताराचे ते जीवन डोळ्यांसमोर उभे राहते.

दोन राजांची मुदपाकखाने

भिक्खूंचे एक असो, गृहस्थाचे काय? कोसलराजा पसेनदि एका वेळी द्रोणभर भात खात असे. ‘संयुत्त निकाया’त त्याची कथा आहे. जेवून धापा टाकीत तो भगवंतांकडे आला. भगवंतांनी त्याला दटावले नाही, उपवासही सांगितला नाही. मात्रेने जेवणाऱ्याच्या वेदना कमी होतात व तो सावकाश म्हातारा होतो, अशा अर्थाची एक गाथा त्यांनी म्हटली. राजाने जवळच्या सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करून रोज जेवताना म्हणावयास सांगितले व त्यासाठी रोज शंभर कार्षापण देऊ केले. राजाचा आहार क्रमाक्रमाने उतरून एका नाळीवर स्थिरावला.

धम्मपदाच्या अट्ठकथेत या क्रमाची रीतही दिली आहे. राजा शेवटचा घास उचलणार, इतक्यात गाथा म्हणावयाची. राजाने तो घास खाली ठेवावयाचा. त्या घासात जितकी शिते असतील तितके तांदूळ पुढच्या वेळी कमी शिजवावयाचे. आजच्या आहारतज्ज्ञालाही यात उणे काढता येणार नाही. येथे बदल एकच आहे, तो मोजता येतो, त्याची आठवण करून देणारा सोबती आहे, आणि आठवणीची वेळ ठरलेली आहे.

दुसरा राजा अशोक. मनोरीच्या उत्तरेस, वसईच्या खाडीपलीकडे, सोपारा आहे. पंडित भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ साली तेथे अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला आणि नवव्याचा तुकडा १९५६ साली मिळाला. ज्या मालिकेतले हे लेख आहेत, तिचा पहिला लेख गिरनार आदी ठिकाणी वाचावयास मिळतो. त्यात सम्राट सांगतो की, पूर्वी राजाच्या मुदपाकखान्यात रोज लक्षावधी प्राणी मारले जात. हा लेख लिहिण्याच्या वेळी ती संख्या तीनवर आली आहे, दोन मोर आणि एक हरिण, आणि हरिणही नेहमी नाही. पुढे हे तीनही मारले जाणार नाहीत. ज्याच्या शब्दाखातर साम्राज्य हलत होते, तोही आपल्या ताटाबद्दल लिहिताना ‘झाले’ असे लिहीत नाही. कोठवर आलो आणि पुढची पायरी कोणती, हे तो प्रजेसमोर दगडावर कोरून ठेवतो. अपुऱ्या प्रगतीची ही जाहीर कबुली आहे आणि तीत लाजेचा लवलेश नाही.

‘हळूहळू’ या शब्दाची दुसरी बाजू

येथे सुज्ञ वाचक एक आक्षेप घेतील आणि तो घेतलाच पाहिजे. ‘हळूहळू’ हा शब्द आपल्या समाजाने फार ऐकला आहे. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत झाला. महाड नगरपालिकेने १९२४ साली तो स्वीकारला. तरीही चवदार तळ्याचे पाणी आपल्या लोकांच्या ओठाला लागण्यासाठी २० मार्च १९२७ हा दिवस उजाडावा लागला, आणि न्यायालयाचा अखेरचा निकाल लागण्यास १९३७ साल. सुधारणा सावकाश व्हाव्यात असे सांगणारे बहुधा स्वतः तहानलेले नसतात.

परमपूज्य बाबासाहेबांनी महाडला सवयींबद्दलही सांगितले होते. मेलेल्या जनावराचे मांस खाऊ नका, उष्टे मागून आणू नका, स्वच्छ राहा. त्याच वर्षीच्या डिसेंबरातील परिषदेच्या वेळी त्यांनी स्त्रियांना लुगडे नेसण्याची जुनी, जातीची खूण ठरलेली पद्धत टाकण्यास सांगितले आणि स्त्रियांनी ती लगोलग टाकली. येथे पायरीपायरीची भाषा नव्हती. मग अनुपुब्बसिक्खा आणि महाड यांत विरोध आहे काय?

आमच्या मते विरोध नाही. परंतु फरक आहे आणि तो नीट समजून घेतला पाहिजे. लुगड्याची ती पद्धत, ते उष्टे, तो पाणवठ्याचा मज्जाव ही दुसऱ्यांनी आपल्यावर घातलेली ओझी होती. लादलेले ओझे एका झटक्यात खाली टाकावयाचे असते. तेथे ‘हळूहळू’ म्हणणे म्हणजे ओझे घालणाऱ्याला मुदत देणे होय. तंबाखूची तलफ, साखरेची गोडी, दारूचे व्यसन किंवा बसून राहण्याचा आळस यांची मुळे कोठेही असोत, ती आता आपल्याच देहात आणि मनात रुजलेली असतात. ती उपटताना क्रम लागतो. अन्यायाच्या बाबतीत क्रम हा पळवाट असतो. सवयीच्या बाबतीत तो मार्ग असतो.

शिवाय महाडची उडीही एकट्याची नव्हती. साऱ्या समाजाने एकत्र बसून निर्णय घेतला होता. मृत मांस सोडल्याबद्दल गावगाड्याचा रोष आला, तोही साऱ्यांनी मिळून सोसला. जे काम एकट्याला वर्षभर जड जाते, ते सोबत असेल तर सोपे होते.

स्वतः बाबासाहेबांच्या जीवनात संकल्प आणि क्रम यांची सांगड दिसते. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यास त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा केली. तो संकल्प एका दिवसाचा होता. प्रत्यक्ष धम्मदीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात झाली. मधली एकवीस वर्षे अभ्यासाची, प्रवासाची व तयारीची होती. या काळात संकल्पाची दिशा तसूभरही ढळली नाही. दीक्षेच्या वेळी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. प्रतिज्ञा उच्चारण्यास क्षण लागतो; ती अंगात उतरविण्याचे शिक्षण मात्र रोजचे असते.

गोराईच्या खाडीकाठी

मनोरीहून उत्तरेकडे गेले की गोराईला विश्व विपश्यना पॅगोडाचा सोनेरी घुमट दिसतो. खांबांच्या आधाराविना उभारलेल्या या दगडी घुमटाखाली सुमारे आठ हजार साधक बसू शकतात. त्याचे उद्घाटन ८ फेब्रुवारी २००९ रोजी झाले. परिसरातच दहा दिवसांच्या शिबिरांचे केंद्र आहे. विपश्यनेच्या या परंपरेविषयी आपल्या चळवळीत भिन्न मते आहेत. त्यांचा निवाडा येथे कर्तव्य नाही. शिबिराच्या वेळापत्रकातील एक बारकावा मात्र आपल्या विषयाचा आहे.

या शिबिरांत नवे साधक पंचशील पाळतात. त्यांना सकाळी न्याहारी, अकरा वाजता जेवण आणि सायंकाळी पाच वाजता चहा व फळे मिळतात. पूर्वी शिबिर केलेले साधक अष्टशील पाळतात. ते दुपारनंतर जेवत नाहीत, सायंकाळी लिंबाचे पाणी घेतात. पहिले तीन दिवस केवळ श्वासाचे निरीक्षण असते. चौथ्या दिवशी विपश्यना सुरू होते. म्हणजे ‘आपण’ नगरीजवळ उदायीने अनुभवलेला क्रम आज या खाडीकाठीही चालू आहे.

गृहस्थासाठी परंपरेने आणखी एक सोय केली आहे. अष्टशील रोज पाळण्याचे बंधन त्याच्यावर घातलेले नाही. उपोसथाच्या दिवशी तो ते पाळतो व दुसऱ्या दिवशी आपल्या पंचशिलाकडे परततो. अर्हतांचे जीवन एक दिवस जगून पाहावे, असा त्यामागील विचार. एका दिवसाची पायरी कोणालाही चढता येते.

वर्षावासाची एक योजना

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील संशोधकांनी २०१० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ९६ स्वयंसेवकांनी खाण्यापिण्याची किंवा व्यायामाची एकेकच नवी सवय निवडली होती. ती आपोआप घडू लागण्यास लागलेल्या काळाचा मध्यक ६६ दिवस होता. व्यक्तीपरत्वे हा काळ १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होता. एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यात फारशी बाधा आली नाही, हा त्यातील विशेष दिलासा देणारा निष्कर्ष. आपला वर्षावास आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत तीन महिन्यांचा, म्हणजे सुमारे नव्वद दिवसांचा असतो. एक सवय रुजविण्यास हा काळ बहुतेकांना पुरेसा आहे.

म्हणून आमची सूचना अशी की, प्रत्येक घराने एका वर्षावासात एकच बदल घ्यावा. तो इतका लहान असावा की, मोजता येईल. पसेनदिप्रमाणे ताटातील भात थोडा कमी करावा, किंवा चहातील साखर अर्ध्या चमच्याने उतरवावी, किंवा जेवणानंतर दहा मिनिटे चंक्रमण करावे. प्रौढाने आठवड्याला किमान दीडशे मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि दिवसाला पाच ग्रॅमहून कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेथे एका उडीत पोहोचण्याची गरज नाही. पुढची पायरी कोणती, एवढे ठाऊक असावे. घरातील एकाने सुदस्सन व्हावे, म्हणजे ठरल्या वेळी न रागावता आठवण करावी. दर पौर्णिमेस विहारात अशोकाप्रमाणे प्रत्येकाने आपण कोठवर आलो ते सांगावे. ज्याचा क्रम तुटला असेल त्याने भद्दालिप्रमाणे तसे बोलून दाखवावे आणि इतरांनी त्याला जवळ बसवावे.

दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण टाळू नये. आजाऱ्याला सवलत देणे हे विनयाला धरूनच आहे. तसेच वर्षानुवर्षे रोज भरपूर दारू पिणाऱ्याने ती एकाएकी थांबविल्यास झटके, भ्रम असे जिवावर बेतणारे परिणाम होऊ शकतात. त्याचा निश्चय पक्का असावा, परंतु सोडण्याची रीत वैद्यकीय देखरेखीखालीच ठरवावी. त्याची प्रतिज्ञा डॉक्टरकडे गेल्याने उणी होत नाही.

मनोरीला परतीची होडी धरण्यासाठी धक्क्यावर आले की, ओहोटीत उघडी पडलेली वाळू भरतीच्या पाण्याखाली जाताना दिसते. एकेका लाटेकडे पाहिले तर ती मागेच जाते आहे असे वाटते. आणि तरीही किनारा भरत येतो. ज्या उपासकाचा निश्चय गेल्या पौर्णिमेनंतर मोडला असेल, त्याला विहाराच्या कार्यकर्त्यांनी यंदाच्या वर्षावासापूर्वी घरी जाऊन भेटावे आणि त्याच्याकडून एकच पायरी ठरवून घ्यावी, एवढीच आमची विनंती आहे.